तोतया स्विच आणि आपले पैसे

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. संगणक मला नीट येत नाही. पण आज सालेकसा येथे बोलायचा विषय वेगळा आहे: दोन कंपन्यांपैकी कोणती जास्त धोक्यात, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न अखेर ज्ञानाचा आहे, म्हणून हे धाडस.

इतिहासापासून सुरुवात करू. 2005 साली पुण्यातल्या एम्फसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. तिथे कुणी यंत्र फोडलं नव्हतं. फोडला तो विश्वास.

दुसरी तऱ्हा 27 जून 2017 ची. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या सुटला, मर्स्क या डॅनिश कंपनीत शिरला आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम अडलं. मर्स्कला पुढे चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. नुकसानीचा अंदाज तीस कोटी डॉलरपर्यंत गेला. भांडण कुणाचं, मार कुणाला!

आणि तिसरी घटना, जिच्यावर मला जरा थांबायचं आहे. कॉसमॉस ही पुण्याची सहकारी बँक, स्थापना 1906. एटीएममध्ये आपण कार्ड घातलं की विचारणा एका स्विचमधून बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते: खात्यात पैसे आहेत का? 11 ऑगस्ट 2018 ला, शनिवारी, चोरांनी मधेच आपला तोतया स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला विचारेचना. नुसता 'हो, द्या' म्हणत राहिला. (पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्यालाही कोकणातल्या किल्ल्यांचे दरवाजे असेच उघडले गेले होते.) काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे 78 कोटी निघाले, भारतात अडीच कोटी. सोमवारी स्विफ्टमार्गे 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटींवर. ग्राहकांच्या खात्यांना धक्का नाही, तोटा बँकेचा, असं बँकेने सांगितलं.

आता तुलना करा बरं. एकीकडे माणूस, दुसरीकडे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर, तिसरीकडे मधला दुवा. यांना एकच गुण कसा देणार? शिवाय खरी गोम पुढेच आहे. आपल्याला या घटना कळल्या, कारण त्या लपवता आल्या नाहीत. जिची बातमी आली ती कंपनी कच्ची आणि जिची आली नाही ती पक्की, असं आपण धरतो. हा सरळ तर्कदोष आहे. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात!

एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने अशा घटना सहा तासांच्या आत कळवण्याचा आदेश काढला. चांगलं झालं. पण कळवायचं ते सरकारी यंत्रणेला. तुम्हाआम्हाला त्यातलं काय दिसतं? आमच्या इकडे म्हातारी माणसं अंगठा लावून पैसे काढतात. पिन बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. त्या अंगठ्याची विचारणा किती कंपन्यांमधून जाते, त्यांतल्या कुणाकडे मागे काय घडलं, हे त्या माणसाला विचारायचं असेल तर त्याने कुठल्या खिडकीवर जायचं?

प्रश्नोत्तरात कुणाला माहीत असेल तर सांगा. मलाही हवं आहे.