हांव सायबा पलतडी वेतां

‘हांव सायबा पलतडी वेतां’ हे गोव्यातील ‘देखणी’ या गीतनृत्यप्रकारातील सुप्रसिद्ध कोंकणी गीत आहे. शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘साहेबा, मी पैलतीरी जाते’ असा होतो. १९७३ साली प्रदर्शित झालेल्या ‘बॉबी’ या हिंदी चित्रपटातील ‘ना माँगूँ सोना चाँदी’ या गाण्यामुळे त्याची चाल भारतभर पोहोचली. हे गीत सामान्यतः पारंपरिक लोकगीत म्हणून ओळखले जाते. तथापि ते प्रथम रचनाकाराच्या नावासह छापले गेले असल्याने त्याच्या चालीचे मूळ हा अभ्यासाचा विषय ठरला आहे.

आशय

गीत संवादरूप आहे. नदीपलीकडे दामूच्या लग्नाला जाऊ इच्छिणाऱ्या कलावंतिणी नावाड्याला पैलतीरी नेण्याची विनंती करतात. नावाडी नकार देतो, तेव्हा त्या अंगावरील दागिने देऊ करतात. ‘घे’ या क्रियापदाच्या आवृत्तीवर उभे असलेले धृपद या देऊ करण्यातून येते.

नदी ओलांडण्याच्या या कल्पनेला गोव्याच्या इतिहासाची पार्श्वभूमी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अंमलाखालील तिसवाडी, बार्देश व सासष्टी या ‘जुन्या काबिजादीं’तील देवळे पाडली गेली. अनेक दैवते नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात नसलेल्या प्रदेशात हलवण्यात आली. कुशस्थळीचा मंगेश आणि वेर्ण्याची म्हाळसा यांची आजची देवस्थाने फोंडा तालुक्यात आहेत. नृत्यगायनाची सेवा करणाऱ्या कलावंतिणी अशा देवस्थानांशी जोडलेल्या होत्या. त्यामुळे गीतातील पैलतीर हा केवळ नदीचा दुसरा काठ राहत नाही.

संगीतप्रकार

देखणी हा गोव्यातील ख्रिस्ती समाजात एकोणिसाव्या शतकात रुजलेला प्रकार आहे. मांडो हे संथ लयीचे, विरहप्रधान गीत असून त्याच्या नृत्यात स्त्रिया पारंपरिक ख्रिस्ती पेहराव करतात. देखणीत मात्र स्त्रिया हिंदू पद्धतीचा वेश करून कलावंतिणींच्या नृत्याचे अनुकरण करतात. ठेका प्रायः दोन मात्रांच्या पटीतला असतो. मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे (पूर्वी घोरपडीचे) ताणून केलेले घुमट हे तालवाद्य आणि व्हायोलिन यांची साथ असते. विषय व वेश हिंदू समाजातील, तर स्वरांची मांडणी पाश्चात्त्य वळणाची, असा हा संकर आहे.

पाश्चात्त्य वळणाचे कारण शिक्षणात सापडते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी, समूहगायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. त्यामुळे चाल कागदावर उतरवणारे व तिला दुसऱ्या आवाजाची जोड देणारे संगीतज्ञ गावोगावी निर्माण झाले.

चालीचे कर्तृत्व

हे गीत कार्लुश युजेनिओ फेरैरा यांच्या नावावर आहे. ते १८९५ साली पॅरिस येथे आणि पुढे १९२६ साली गोव्यात बास्तोडा येथील रांगेल छापखान्यातून प्रसिद्ध झाले. जुझे परैरा व मिकाएल मार्तिन्स यांनी गोव्यातील मांडो, दुलपद व देखणी या गीतांचे मोठे संकलन केल्यामुळे अशा रचनांच्या कर्त्यांचा शोध घेणे शक्य झाले.

मुद्रणाच्या पुराव्यावरून दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. चाल १८९५ च्या नंतरची नाही, हे त्यावरून निश्चित होते. मात्र छापण्यापूर्वी कानावर पडलेल्या एखाद्या जुन्या चालीचा संस्कार तिच्यावर झाला असेल काय, याचे उत्तर केवळ मुद्रित प्रतीवरून देता येत नाही.

या संदर्भात आयर्लंडमधील ‘लंडनडेरी एअर’ या चालीशी तुलना उद्बोधक ठरते. जेन रॉस यांनी टिपलेली ती चाल जॉर्ज पेट्री यांच्या १८५५ सालच्या संग्रहात रचनाकाराच्या नावाविना छापली गेली. १९१३ मध्ये फ्रेडरिक वेदरली यांचे ‘डॅनी बॉय’ हे गीत तिच्यावर बसवले गेले. तेथे अनामिक चालीचा कर्ता शोधला जातो; येथे कर्त्याचे नाव छापलेले असूनही चाल अनामिक मानली गेली.

मुंबईतील प्रवास

विसाव्या शतकात उपजीविकेसाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीयांबरोबर ही गीतेही आली. स्वरलिपी वाचता येत असल्याने गोमंतकीय वादकांना हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोठी मागणी होती. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आदींनी संगीत-संयोजक म्हणून नाव मिळवले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे व्हायोलिनवादनात गोन्साल्विस यांचे शिष्य होत.

‘बॉबी’ची निर्मिती राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्स या संस्थेने केली. तिचा स्टुडिओ मुंबईच्या पूर्व उपनगरात, चेंबूर येथे होता. चित्रपटाची नायिका गोमंतकीय ख्रिस्ती मच्छीमाराची मुलगी दाखवली आहे. ‘ना माँगूँ सोना चाँदी’चे शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, तर स्वर मन्ना डे व शैलेंद्र सिंग यांचे आहेत. मूळ धृपदातील कोंकणी शब्द या हिंदी गाण्यात कायम राहिले. सोने देऊ करण्याची मूळ कल्पना मात्र उलटली: देखणीत दागिने देऊन वाट मागितली जाते, तर हिंदी गाण्यात सोन्याचांदीची मागणीच नाकारली जाते.

मुंबईच्या उपनगरांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या लग्नगीतांशी या गीताची गल्लत होऊ नये. घुमट हे वाद्य व ख्रिस्ती परंपरा या बाबी समान असल्या, तरी ती गीते मराठीच्या स्थानिक बोलीत आहेत. ‘हांव’ (मी) आणि ‘वेतां’ (जाते) ही रूपे कोंकणीची असून गीताचे गोमंतकीय मूळ स्पष्ट करतात.

महत्त्व

लोकप्रियतेमुळे कर्त्याचे नाव मागे पडून रचना ‘पारंपरिक’ ठरण्याच्या प्रक्रियेचे हे गीत ठळक उदाहरण आहे. रंगमंचावर व शालेय स्नेहसंमेलनांत ते लोकनृत्य म्हणून सादर होते. त्यातील कलावंतिणींचे चित्र त्यांच्या समाजाबाहेरील रचनाकाराने रेखाटलेले आहे, ही बाबही गीताचा सामाजिक अर्थ लावताना लक्षात घ्यावी लागते.