गेमकथा

व्हिडिओ गेमच्या जगात अडकलेल्या, तिथे राहायला गेलेल्या किंवा मेल्यावर तिथेच पुन्हा जन्मलेल्या माणसांच्या अद्भुत कथा. त्या जगाला नियम असतात ते भूमिका घेऊन खेळायच्या गेमचे, म्हणजे आरपीजीचे. पात्राला लेव्हल असते, राक्षस मारला की गुण मिळतात, अंगातली ताकद आकड्यांत मोजलेली असते आणि कित्येकदा ते आकडे तसेच पानावर छापलेले असतात. रशियात २०१३च्या सुमारास या प्रकाराला ‘लिटआरपीजी’ हे नाव मिळाले. मराठीत स्वतंत्र शब्द रुळलेला नसल्याने येथे ‘गेमकथा’ म्हटले आहे.

उगम : या कथांचे मूळ संगणकावरच्या नव्हे, तर कागदावरच्या खेळात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ १९७४ साली निघाला. त्याचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत लेखिका आंद्रे नॉर्टन तो खेळल्या आणि १९७८ मध्ये त्यांची ‘क्वाग कीप’ ही कादंबरी आली. तिच्यातले खेळाडू खेळातल्याच जगात ओढले जातात. त्यांच्या मनगटात फासे बसवलेले कडे असते आणि संकट जवळ आले की ते फासे फिरू लागतात. १९८२च्या ‘ट्रॉन’ चित्रपटाने माणसाला थेट संगणकाच्या आत नेले. पुढे हजारो माणसे एकाच वेळी खेळतील असे ऑनलाइन गेम आले, तेव्हा जपान आणि कोरियात या कथांना खरा बहर आला.

प्रमुख कृती : रेकी कावाहारा यांची ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ २००२ पासून इंटरनेटवर येऊ लागली आणि २००९ मध्ये पुस्तकरूपात निघाली. शंभर मजल्यांच्या तरंगत्या किल्ल्यात दहा हजार खेळाडू उतरतात आणि लॉगआउटचे, म्हणजे गेममधून बाहेर पडायचे बटणच नाहीसे झालेले त्यांना आढळते. शेवटचा मजला जिंकल्याशिवाय सुटका नाही आणि गेममध्ये मेलेला माणूस घरी अंथरुणावरही मरतो. गेमकथेचे मर्म या हरवलेल्या बटणात आहे. लढाया आणि लेव्हली कितीही रंगल्या, तरी वाचकाला धरून ठेवतो तो परतीच्या वाटेचा प्रश्न.

मामारे तोनो यांच्या ‘लॉग होरायझन’मध्ये (२०१०पासून) मेलेला खेळाडू पुन्हा उठतो, पण प्रत्येक मरणागणिक त्याच्या जुन्या आयुष्यातल्या आठवणी थोड्या थोड्या पुसल्या जातात. या कादंबरीतला स्वयंपाकाचा प्रसंग सबंध प्रकारातल्या उत्तम कल्पनांपैकी एक मानावा लागेल. मेनूतून बटण दाबून केलेल्या प्रत्येक पदार्थाला चव अशी नसतेच. स्वयंपाक्याची विद्या घेतलेल्या खेळाडूने स्वतःच्या हाताने चिरून, शिजवून केले, तरच घास गोड लागतो. गेमच्या जगात घर करायचे म्हणजे काय, हे तिथे एका घासात कळते.

२०१७च्या ‘जुमांजी’ चित्रपटातली मुले गेममधल्या पात्रांच्या देहात शिरतात आणि प्रत्येकाला तीनच जीव मिळतात. मुंबईच्या हिंदी चित्रसृष्टीतला ‘रा.वन’ (२०११) उलट्या दिशेने जातो. त्यात गेममधला खलनायक बाहेर, माणसांच्या जगात येतो.

भारतीय पूर्वसूत्र : योगवासिष्ठातली लवण राजाची कथा या प्रकाराची सर्वांत जवळची पूर्वज. दरबारात जादूगार मोरपिसांचा कुंचा फिरवतो. राजाला घोडा दिसतो, तो त्यावर बसतो आणि विंध्याच्या रानात भरकटतो. तिथे तो चांडाळकन्येशी लग्न करतो, त्याला मुले होतात, तो म्हातारा होतो. दुष्काळात भुकेल्या लेकरासाठी स्वतःला आगीत झोकून देताना त्याला जाग येते, तर दरबार जिथल्या तिथे आणि वेळ फार थोडा गेलेला. राजा दुसऱ्या दिवशी विंध्याकडे निघतो आणि ती वस्ती, ती माणसे त्याला खरोखर भेटतात. आकडे आणि लेव्हली वगळल्या तर गेमकथेचा सगळा ऐवज इथे आहे.

इगतपुरी परिसर : गेमकथेतल्यासारखी दुसऱ्याच्या रूपात शिरण्याची जिवंत रीत नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि शेजारच्या मोखाडा, जव्हार भागातल्या ‘बोहाडा’ या सोंगांच्या उत्सवात दिसते. उन्हाळ्याच्या रात्री संबळाच्या ठेक्यावर मुखवटे लावलेली सोंगे नाचत येतात. आधी गणपती, सरस्वती, मग इतर देव आणि राक्षस, आणि सरतेशेवटी देवी व महिषासुराचे युद्ध. मुखवटा चेहऱ्यावर असेपर्यंत गावाच्या लेखी तो माणूस देवच असतो आणि बाया त्याला ओवाळतात. गेमकथेतला खेळाडू जे बटण शोधत फिरतो, ते इथे रीतीतच आहे. सोंग निघाल्यापासून उतरेपर्यंतची वेळ आणि नाचायची जागा ठरलेली. बऱ्याच गावांत एकेक सोंग एकेका घराण्याकडे पिढीजात असते. बोहाडा सरला की मुखवटा त्या घरी परत जातो आणि पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेवला जातो.