1942 चा ठराव आणि आपल्या भगिनी



निवडणूक आली, सोडतीत प्रभाग स्त्रियांसाठी निघाला, की नवी पेठेतल्या कट्ट्यावर एकच प्रश्न ऐकू येतो : "आता कुणाच्या बायकोला उभं करायचं?" कोणती बाई लायक आहे, हे कुणी विचारत नाही. म्हणून थोडा इतिहास सांगणे आम्हांस जरूर वाटते.

20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. खुद्द बाबासाहेब हजर होते. हजारो स्त्रिया जमल्या होत्या. त्यांनी गिरणी व विडी कामगार स्त्रियांसाठी पगारी रजा मागितली आणि कायदेमंडळात व इतर संस्थांत आपल्या स्त्रियांना राखीव जागाही मागितल्या. ज्या सोलापुरात घरोघरी विड्या वळल्या जातात, तिथे या ठरावांचे मोल वेगळे सांगायला नको.

ती मागणी पदरात पडायला 51 वर्षे लागली. 1993 मध्ये 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. नगरपालिका, महानगरपालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. अनुसूचित जातींच्या राखीव जागांतही तेवढा वाटा त्या जातींच्या स्त्रियांचा ठरला. 2011 मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. 2024 साली सोलापूरच्या राखीव मतदारसंघातून प्रणिती शिंदे लोकसभेवर निवडून गेल्या.

म्हणजे वाट झाली. मग अडतंय कुठं? सांगायला लाज वाटते, पण आमच्यापाशीच अडतंय. एका सभेत उमेदवार भगिनी व्यासपीठावर बसली होती आणि आम्ही माईक दिला तिच्या नवऱ्याला! ती निवडून आली असती तरी कारभार कुणी केला असता?

दुसरी अडचण कागदाची. जातीचा दाखला माहेरच्या कागदांवरून निघतो. लग्नानंतर नाव बदललेलं असतं. सोडत निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. दाखला, जात पडताळणी आधीच करून ठेवा.

आणि विहारात सतरंज्या अंथरणाऱ्या, वर्गणीचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या भगिनींना कार्यकारिणीत घ्या, सभेत बोलू द्या. जी इथे न घाबरता हिशेब मागेल, ती उद्या महापालिकेतही मागेल. 1942 च्या त्या मायमाउल्यांनी कुणाची बायको म्हणून जागा मागितली नव्हती, एवढे ध्यानात ठेवू.

जयभीम! नमो बुद्धाय!