फ्लोरिनचे हुतात्मे

मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. फ्लोरिन या मूलद्रव्याचा इतिहास सांगताना अनेक ग्रंथकार हळवे होतात. हा वायू वेगळा करण्याच्या प्रयत्नात आयर्लंडचे नॉक्स बंधू विषबाधेने खंगले, बेल्जियमचा पॉलिन लुए आणि फ्रान्सचा जेरोम निकलेस प्राणास मुकले, आणि अखेर २६ जून १८८६ रोजी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ याने तो वेगळा करून दाखविला. म्वासाँला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जे मेले त्यांना ‘फ्लोरिनचे हुतात्मे’ म्हणतात.

या संशोधकांविषयी मला आदर आहे. परंतु हुतात्म्यांची यादी तेथेच संपते, याला माझी हरकत आहे. प्रयोगशाळेतून फ्लोरिन कारखान्यात गेले आणि तेथे ते हजारो माणसांच्या फुप्फुसांत, हाडांत व रक्तात उतरले. त्या माणसांची नावे ग्रंथात नाहीत. दोघांत आणखी एक फरक आहे. लुए व निकलेस यांना भांड्यात काय आहे ते ठाऊक होते. त्यांनी धोका पत्करला होता. कामगाराला भांड्यात काय आहे हे कोणी सांगितले नाही. त्याच्यावर धोका लादला गेला. म्हणून फ्लोरिन-उद्योगाचा इतिहास वाचताना मी एकच प्रश्न विचारतो : कोणाला, केव्हा माहीत होते आणि कोणाला सांगितले गेले नाही?

आरंभ कोपनहेगनपासून करू. ग्रीनलंडच्या खाणीतून क्रायोलाइट नावाचे फ्लोरिनयुक्त खनिज तेथे येत असे. अ‍ॅल्युमिनियम तयार करण्यासाठी ते लागे. कारखान्यात ते दळले जाई, निवडले जाई, आणि त्याची धूळ कामगार दिवसभर श्वासावाटे घेत. १९३२ साली दोन डॉक्टरांनी या कामगारांच्या छातीची क्ष-किरण चित्रे काढली. शोध फुप्फुसांतील धुळीचा होता, पण दिसली ती हाडे. ती अनैसर्गिक रीतीने दाट झाली होती. पुढे काय रोहोल्म या तरुण डॅनिश डॉक्टरने त्यांचा कसून अभ्यास केला आणि १९३७ साली फ्लोरिनच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हाडे जड होतात, सांध्यांचे बंध चुन्यासारखे कठीण होतात, पाठीचा कणा वाकेनासा होतो, हे सारे त्यात आहे. धूळ आवरा, स्त्रियांना व अल्पवयीनांना या कामावर घेऊ नका, अशा शिफारशीही त्यात आहेत.

त्याच १९३७ साली मद्रास इलाख्यातील शेतकऱ्यांच्या हाडांत हाच विकार आढळल्याचे शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविले. तेथे कारण कारखाना नव्हते, विहिरीचे पाणी होते. यवतमाळ-चंद्रपूरकडील वाचकांना फ्लोरोसिस हा शब्द याच अर्थाने परिचित असेल. म्हणजे १९३७ नंतर ‘फ्लोरिनचे परिणाम ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही कारखानदाराला उरली नाही.

दुसरे उदाहरण हायड्रोफ्लोरिक आम्लाचे. शीतकारक वायू, टेफ्लॉन, पेट्रोल शुद्धीकरण, काचेवरील कोरीवकाम, इलेक्ट्रॉनिक्स अशा कितीतरी ठिकाणी ते लागते. पाठ्यपुस्तक त्याला ‘दुर्बल आम्ल’ म्हणते. मीही वर्गात तेच शिकवतो, कारण पाण्यात त्याचे विघटन कमी होते. परंतु नेमक्या याच गुणामुळे ते घातक ठरते. त्याचे न फुटलेले रेणू कातडीतून सहज आत शिरतात. आत गेल्यावर फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम व मॅग्नेशियमला पकडते. रक्तातील कॅल्शियम घसरले की हृदयाचे ठोके चुकतात. तीव्र आम्लाने शरीराची अडीच टक्के कातडी भाजली, तरी माणूस दगावू शकतो. आम्ल सौम्य असेल तर वेदना काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. तोवर पाळी संपलेली असते, कामगार घरी गेलेला असतो आणि हात का ठणकतो हे त्यालाही उमगत नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे. ताबडतोब भरपूर पाण्याने धुणे, कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम चोळणे आणि गरजेनुसार त्याची इंजेक्शने, हे उपचार वैद्यकाला चांगले परिचित आहेत. मलमाची नळी काही महाग वस्तू नव्हे. परंतु ती कामाच्या जागी हवी, आणि ती कशासाठी आहे हे हाताखालच्या माणसाला ठाऊक हवे.

ते नसले म्हणजे काय होते, हे दक्षिण कोरियातील गुमी शहराने २७ सप्टेंबर २०१२ रोजी पाहिले. एका छोट्या कारखान्यात टँकरमधून हायड्रोजन फ्लोराइड उतरवताना व्हॉल्व्ह उघडला गेला आणि वायू सुटला. कामगारांच्या अंगावर पुरेशी संरक्षक साधने नव्हती. पाच जण मेले. आसपासची पिके करपली, गुरे आजारी पडली, हजारो लोकांना उपचार घ्यावे लागले. अशा अपघातानंतर ‘कामगाराची चूक’ हे शब्द लगेच उच्चारले जातात. चूक हाताची असेलही. पण त्या हातात मोजा का नव्हता, याचे उत्तर हाताकडे मागता येत नाही.

आतापर्यंत पाहिलेले विष डोळ्यांना दिसते, जाळते, क्ष-किरण चित्रात उमटते. फ्लोरिनचे तिसरे रूप मुकाट आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अतिशय बळकट असतो. अशी संयुगे निसर्गात सहजी मोडत नाहीत, शरीरातूनही लवकर जात नाहीत. पीएफओए किंवा सी-८ हे त्यांतलेच एक. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पार्कर्सबर्गजवळच्या आपल्या कारखान्यात ड्यू पॉन्ट कंपनी टेफ्लॉन बनविण्यासाठी १९५१ पासून ते वापरू लागली. थ्री-एम ही कंपनी ते पुरवीत असे.

येथील तारखा ओळीने वाचाव्यात. १९६१ : कंपनीच्याच विषशास्त्रज्ञांना दिसले की या रसायनाने प्राण्यांचे यकृत वाढते, ते अत्यंत काळजीने हाताळावे, कातडीला लागू देऊ नये, असे त्यांनी बजावले. १९७० चे दशक : कामगारांच्या रक्तात ते सापडू लागले. १९८१ : थ्री-एमने कळविले की उंदरांच्या पिलांत डोळ्यांचे दोष आढळले आहेत. ड्यू पॉन्टने टेफ्लॉन विभागातून स्त्रियांना हलविले आणि त्यांच्या बाळांची माहिती गोळा केली. सात बाळांपैकी दोघांत डोळ्यांचे दोष होते. १९८४ : जवळच्या वस्तीच्या नळाच्या पाण्यात तेच रसायन असल्याचे कंपनीला कळले. वस्तीला मात्र कळविले गेले नाही.

हे सारे बाहेर आले ते एका शेतकऱ्यामुळे. विल्बर टेनंट याची गुरे मरू लागली तेव्हा तो वकील रॉबर्ट बिलट यांच्याकडे गेला आणि १९९९ साली खटला उभा राहिला. कंपनीची कागदपत्रे उघडी पडली. २००४ च्या तडजोडीतून मिळालेले सात कोटी डॉलर लोकांनी वाटून घेतले नाहीत, आरोग्य-पाहणीला लावले, हा या इतिहासातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. सुमारे ६९ हजार माणसांनी आपले रक्त दिले. त्या आधारे तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ पर्यंत सहा विकारांशी सी-८ चा संभाव्य संबंध दाखविला. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग त्यांत आहेत. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने पीएफओए माणसात कर्करोग घडवते असा निष्कर्ष काढला. १९६१ आणि २०२३. मधल्या काळात कामगारांच्या दोन पिढ्या निवृत्त झाल्या.

आता हा इतिहास आपल्या दाराशी येतो. इटलीत व्हिचेंझा प्रांतात त्रिस्सिनो येथे मितेनी नावाचा कारखाना याच जातीची रसायने बनवीत असे. २०१३ साली तेथील भूजल दूषित झाल्याचे उघड झाले. सुमारे साडेतीन लाख लोकांचा प्रदेश त्यात सापडला. मुलांच्या रक्तात रसायन सापडल्यावर आया रस्त्यावर आल्या. पण त्याच्या कितीतरी आधी, २००० सालापासून, कारखान्यातील कामगारांचे रक्त तपासले जात होते आणि प्रमाण प्रचंड निघत होते. ४६२ पुरुष कामगारांच्या मृत्यूंचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. यकृताच्या आणि रक्त-लसिकेच्या कर्करोगाने झालेले मृत्यू त्यात अपेक्षेपेक्षा अधिक निघाले. २०१८ साली मितेनीचे दिवाळे निघाले. २६ जून २०२५ रोजी व्हिचेंझाच्या न्यायालयाने अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. हा पहिल्या न्यायालयाचा निकाल आहे.

दिवाळ्यानंतर, २०१९ साली, त्या कारखान्याची यंत्रसामग्री मुंबईच्या लक्ष्मी ऑर्गॅनिक कंपनीच्या उपकंपनीने विकत घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली गेली. यंत्र आले म्हणजे आजार आलाच, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. काय बनते, कसे बनते, सांडपाणी कोठे जाते, यावर सर्व अवलंबून आहे. परंतु यंत्राबरोबर त्याचा इतिहासही यायला हवा. त्रिस्सिनोच्या कामगारांच्या रक्ताने जे ज्ञान दिले, ते लोट्यातील कामगाराला मराठीत मिळणे हा त्याचा हक्क आहे. यंत्रे जहाजाने आली, ज्ञान मात्र तेथेच राहिले, असे होता कामा नये.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. आज माझ्या वर्गातील बरीच मुले पदवी घेऊन औद्योगिक वसाहतींत कंत्राटदाराकडे लागतात. मध्यंतरी त्यांतील एकाने मला विचारले, “सर, आमचं रक्त दरवर्षी घेतात, पण रिपोर्ट कधी देत नाहीत. तो रिपोर्ट नक्की कोणाचा?” या लेखातील सारा इतिहास त्या एका प्रश्नात आहे. कोपनहेगनपासून त्रिस्सिनोपर्यंत ज्ञान कामगाराच्या शरीरातून निघाले आणि कपाटात गेले.

भोपाळनंतर, १९८७ साली, आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती कामगारांना द्यावी, त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवावी आणि ती कामगाराला पाहता यावी, असे त्यात म्हटले होते. २०२० साली संसदेने त्या कायद्याच्या जागी नवी संहिता मंजूर केली. कायदे बदलतात, कलमांचे आकडे बदलतात. प्रश्न तोच राहतो.

म्हणून कार्यकर्त्यांना व शिक्षकांना माझे सांगणे साधे आहे. मागणी केवळ भरपाईची नको. भरपाई माणूस मेल्यावर येते. पिंपावर काय आहे ते मराठीत लिहा. आम्लाच्या जागी पाण्याचा फवारा आणि कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवा. कायम असो वा कंत्राटी, प्रत्येक कामगाराच्या तपासणीची प्रत त्याच्या हातात द्या, आणि तो काम सोडून गेला तरी ती त्याच्याजवळ राहू द्या. आपल्यापैकी जे विज्ञान शिकले आहेत त्यांनी तो कागद त्याला वाचून दाखवावा. एवढे काम तर आपण उद्यापासून करू शकतो.