मातीतून निघालेल्या धातूंची ओळख

कावेरीच्या मुखाकडील प्रदेशात नांगराचा फाळ जरा खोल गेला म्हणजे तो कधी कधी इतिहासाला लागतो. कुठे हिरवी पडलेली चकती, कुठे समईचा तुटका दांडा, तर कुठे साक्षात देवाची मूर्ती वर येते. अशा वस्तूची ओळख कशी पटते, आणि आपल्याच हातून ती कशी पुसली जाते, याविषयी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत चार शब्द लिहावेत असे मनात आले. मी पुराणवस्तुशास्त्राचा पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत आयुष्य गेलेला एक साधा पदवीधर आहे. परंतु बालपणी या विषयात माझ्या हातून एक चूक घडली, आणि तीच या लेखाचे निमित्त होय.

मी सहाव्या इयत्तेत होतो. सांबा भातासाठी नांगरणी चालू असताना आमच्या नांगऱ्याने आठवडाभरात वेचलेल्या बारा हिरव्या चकत्या आजोबांपुढे आणून ठेवल्या. आत सोने असेल या आशेने मी त्यांपैकी अकरा चिंच आणि राख लावून घासल्या. संध्याकाळी आजोबांचे स्नेही, एक निवृत्त शिक्षक, भिंग घेऊन आले. लख्ख केलेल्या अकरा नाण्यांवर त्यांना काही दिसेना. बारावे त्यांनी माझ्या हाती दिले व म्हणाले, “बाळ, हे तूच वाच.” एका बाजूस उभी मानवाकृती होती, दुसऱ्या बाजूस बसलेली, आणि तिच्या हाताखाली चक्क नागरी अक्षरे होती – ‘श्री राजराज’. चोळ सम्राट पहिला राजराज (राज्यकाल ९८५ ते १०१४) याने तांब्याची नाणी नागरी अक्षरांत पाडली होती. तंजावूरच्या मराठी मुलाला सहज वाचता यावीत अशी ती अक्षरे हजार वर्षे तमिळ मातीत टिकली, आणि अकरा नाण्यांवरची मी अर्ध्या तासात घालवली!

धातू ओळखण्याची पहिली पायरी रंगाची. सोन्यावर मातीचा परिणाम होत नाही. चांदी काळवंडते. लोखंड तांबूस गंजून फुगते व पापुद्रे सोडते. तांबे व कांसे यांवर हिरवे पुट चढते. या पुटाला आपण मळ समजतो. वस्तुतः बारीक अक्षरे व रेषा पुष्कळदा त्या पुटातच शिल्लक असतात. ते काढले की लेखही गेला. मात्र फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी दिसू लागली तर तो धातूचा रोग समजावा. तेथे तज्ज्ञाचाच हात लागला पाहिजे.

दुसरी पायरी घडणीची. चोळकालीन मूर्ती बहुधा भरीव असतात. प्रथम मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण काढून टाकावयाचे व त्या पोकळीत रस ओतावयाचा, ही ती रीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन आहे, आणि कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै येथील स्थपती आजही कावेरीकाठची माती वापरून तिनेच मूर्ती घडवितात. पीठाला दांडे ओवण्यासाठी भोके किंवा कड्या असल्या तर ती मिरवणुकीची उत्सवमूर्ती, एवढे कोणासही सांगता येईल. हातांची ठेवणही बोलते. तेव्हाच्या अखंड तंजावूर जिल्ह्यातील तिरुवेंगाडू येथे भूमीतून निघालेल्या शिवमूर्तीचा एक हात जणू कशावर तरी टेकलेला आहे. टेकण्यासाठी असलेला नंदी मात्र नाही. तरीही तो वृषवाहन शिव हे हातावरून ओळखू येते, आणि देवळातील शिलालेखामुळे तिचे वर्ष १०११ हेही कळते. तंजावूरच्या राजवाड्यातील कलादालनात ती अवश्य पाहावी.

येथे तिसरी पायरी आली, ती लेखांची. ज्या बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेख आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवितो, त्याच देवळाच्या भिंतींवर राजराजाने धातुमूर्तींची यादी कोरविली आहे. राजा, त्याची थोरली बहीण कुंदवै, राण्या व अधिकारी यांनी दिलेल्या ६६ मूर्ती तीत आहेत. प्रत्येकीला हात किती आणि पायापासून केसांपर्यंत उंची किती, हे हात, बोटे व यव या मापांत नोंदले आहे. दागिन्यांचे सोने ‘आडवल्लान’ नावाच्या वजनाने तोलले आहे. त्या मूर्तींपैकी फारच थोड्या आज उरल्या. परंतु दप्तर राहिले. दप्तर किती मोलाचे, हे आम्हां सरकारी नोकरांना निराळे सांगावयास नको!

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची व सर्वांत उपेक्षित. ती म्हणजे जागा. १९७६ साली त्याच जिल्ह्यातील पत्तूर गावी एका मजुराला आपल्या झोपडीजवळ खणताना नटराज सापडला. तो हातोहात विकला जाऊन लंडनला पोचला. पुढे तेथील न्यायालयात वाद उभा राहिला, की हीच ती पत्तूरची मूर्ती कशावरून? तेव्हा गावच्या पडक्या देवळाजवळ निघालेल्या इतर मूर्तींशी तिची तुलना झाली. धातू तपासला गेला, तिला चिकटलेली माती व वाळवीच्या खुणाही साक्षीस आल्या. १९८८ मध्ये निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ मध्ये अपिलातही तो कायम झाला, आणि नटराज स्वदेशी परतला. कोणी भाविकाने ती मूर्ती चिंचेने घासली असती तर?

उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशी चार अप्रतिम शिल्पे मिळाली. एकूण वजन ६० किलोहून अधिक. ती शास्त्रीय उत्खननात थरांसह न मिळाल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. पुढे तेथे उत्खनन झाले, तरी तो वाद पुरता मिटला नाही.

हल्ली धातुशोधक यंत्रे सहज मिळतात. यंत्र खाली धातू आहे एवढेच सांगते. तो नांगराचा खिळा की राजराजाचे नाणे, हे सांगत नाही. त्याचा आवाज ऐकून खोल खणत सुटणे म्हणजे साक्षीदाराची जीभच कापणे होय. संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करण्यास तर कायद्यानेच मनाई आहे. आणि १८७८ च्या निधिविषयक कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. त्यात काय सापडले याच्याइतकेच कुठे व केव्हा सापडले, हेही लिहावयाचे असते. शोधणाऱ्याच्या हक्काची तरतूदही त्याच कायद्यात आहे, म्हणून भिण्याचे कारण नाही.

आजोबांनी ती बाराही नाणी तालुका कचेरीत नेऊन दिली. कारकुनाने विचारले, “कोणत्या शेतात सापडली?” आमची शेते चार ठिकाणी होती, आणि नांगऱ्या त्या आठवड्यात चारही ठिकाणी राबला होता. आजोबा गप्प राहिले. नोंदीतील ती जागा कोरीच राहिली.

आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी अद्याप कावेरीकाठी आहेत. उद्या कोणाच्या शेतात काही निघाले, तर घासू नये; आधी शेताचे नाव कागदावर लिहावे. इतकीच विनंती.