जमिनीखालची ऊब



चुलीला वैल कशासाठी, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एकाच जाळावर दोन कामं होतात. कोरिया देशातल्या घरांत हाच हिशेब शेकडो वर्षं चालला. त्या घरांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

कोरियात हिवाळ्यात पाणी गोठतं. तिथे स्वयंपाकघर राहत्या खोलीपेक्षा सखल असे. चुलीवर भात शिजे आणि जाळ-धूर शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून फिरत पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. वर सपाट दगड, त्यावर मातीचा लेप, त्यावर तेल दिलेला कागद. याला म्हणतात ओंडोल, म्हणजे ऊबदार दगड. चुलीजवळची सगळ्यात गरम जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची.

1950 ते 1953 च्या युद्धानंतर जंगलं उजाड झाली होती. मग दक्षिण कोरियाच्या शहरांत लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भुकटीच्या, भोकं पाडलेल्या गोल वड्या आल्या. स्वस्त आणि तासन्‌तास धुमसणाऱ्या. विस्तव विझू नये म्हणून बाई रात्रीही उठून वडी बदलायची.

इंधन बदललं, जमीन मात्र जुनीच राहिली. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. जमिनीला गेलेल्या बारीक तड्यांतून तो वर येई आणि झोपलेल्यांच्या रक्तात प्राणवायूची जागा घेई. दर हिवाळ्यात माणसं झोपेतच दगावत. शेजारीपाजारी मुळ्याच्या लोणच्याचं गार पाणी पाजत. पण तो काही इलाज नव्हता. इलाज म्हणजे मोकळी हवा आणि दवाखान्यातला प्राणवायू.

मग जुन्या घरांची जमीन बदलू लागली. 1970 नंतर हे काम वाढलं. जमिनीत नळ्या नागमोडी अंथरायच्या, वरून सिमेंटचा थर द्यायचा आणि खोलीबाहेरच्या बंबातलं गरम पाणी त्यांतून फिरवायचं. विस्तव खोलीखालून बाहेर गेला, ऊब तेवढी आत राहिली. पुढे कोळशाच्या जागी रॉकेल आणि गॅस आला. रात्रीचं उठणंही संपलं.

आपल्याकडे नळ्यांची गरज नाही. पण बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेतात, तेव्हा तोच वायू त्या खोलीत साठतो. निखाऱ्यांचा धूर दिसत नाही, म्हणून भीती वाटत नाही. आम्ही एवढंच सांगतो: शेक द्यायचा तर खिडकी उघडी ठेवा आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात न्या. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

बाळाला ऊब हवी, तशीच हवाही हवी. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सासूबाईंच्या कानावरही घाला.