गवताचा भाव आणि राजकारण

ब्लॅक पँथर हे नाव मराठी माणसाला अनोळखी नाही. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या या संघटनेवरून. त्या मूळ संघटनेने नेमकं काय मागितलं होतं, हे मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

१९६६च्या ऑक्टोबर महिन्यात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी दहा कलमांची यादी तयार केली. काम हवं, राहायला धड घर हवं, आमचा खरा इतिहास शिकवणारं शिक्षण हवं, पोलिसांची मारहाण थांबली पाहिजे, आमचा न्याय आमच्यातल्याच पंचांनी करावा. दहाव्या कलमात जमीन, भाकरी, घर, कपडे, न्याय, शांतता अशी सगळी गोळाबेरीज आणि शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली काळ्या लोकांचं सार्वमत घ्या, ही मागणी. ही यादी पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, यात राजकारण ते शेवटच्या ओळीतच. बाकीचं सगळं पोटापाण्याचं.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मी जिथे राहतो तिथल्या इतिहासात आहे. मी बोईसरला राहतो. आमच्या उत्तरेला डहाणू, तलासरी. आज हा सारा पालघर जिल्हा. तो २०१४च्या १ ऑगस्टला झाला. त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. ओकलंडच्या एकवीस वर्षं आधी इथल्या वारल्यांनी अशीच एक यादी केली होती. ती ओकलंडच्या यादीपेक्षा आखूड होती.

वारल्यांची स्थिती काय होती? जमिनी पूर्वीच सावकार-जमीनदारांच्या नावावर गेलेल्या. जंगल सरकारच्या ताब्यात. जी जमीन आजोबांनी नांगरली तीच नातू कूळ म्हणून कसत होता, आणि वर वेठ करत होता. वेठ म्हणजे मालक बोलावील तेव्हा, बोलावील तितके दिवस, फुकट काम. त्याहून वाईट प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी मालकाकडून थोडे रुपये उचलायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायकोने मालकाच्या घरी राबायचं. कर्ज फिटायचं नाही, कारण हिशेब मालकाच्या वहीत. मग मुलंही त्याच दावणीला. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८च्या सुमारास मुंबई सरकारसाठी आदिवासी भागांची पाहणी केली. वेठ आणि मारहाण त्याच्या अहवालात आहे. म्हणजे सरकारला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

१९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे उंबरगाव तालुक्यातून काही वारली गेले होते. त्यांनी स्वतःच्या तोंडाने आपली कथा सांगितली. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर या भागात आले आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सभा झाली. सुमारे पाच हजार वारली जमले. ठराव थोडेच होते. वेठ करायची नाही. मालकाच्या खाजगी शेतावर दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय काम करायचं नाही. कुणी अंगावर हात टाकला तर सगळ्यांनी मिळून तोंड द्यायचं.

पुढच्या काही आठवड्यांत गावोगाव मिरवणुका निघाल्या, लग्नगड्यांना मालकाच्या वाड्यांतून बाहेर काढलं गेलं. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना हे दिवस आठवतील. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

पावसाळा सरला आणि गवताचा हंगाम आला. इथलं गवत म्हणजे त्या वेळचा मोठा धंदा. मुंबईचे घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी या गवतावर जगत. गवत कापायचे वारली, पैसा व्हायचा मालक-व्यापाऱ्यांचा. किसान सभेने मागणी केली: पाचशे पौंड गवत कापण्याचे अडीच रुपये. बस्स, एवढीच.

आता याला कुणी राजकीय मागणी म्हणेल का? विचार करून पाहा. जो माणूस काल बोलावणं येताच निमूट उठून जात होता, तो आज कामाच्या आधी भाव ठरवा म्हणतो. वजन ठरवा म्हणतो. म्हणजे तो मालकासमोर व्यवहारातला दुसरा पक्ष म्हणून उभा राहिला. जमीनदारांना ते बरोबर कळलं. अडीच रुपयांनी त्यांचं दिवाळं निघणार नव्हतं. पण वारल्याने भाव विचारायचा ही रीत एकदा पडली की वाड्याची सत्ता गेलीच. सरकारलाही ते कळलं असावं. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा इथे गोदावरीबाईंच्या सभेची आणि त्यांच्या जिवाला धोका असल्याची अफवा पसरवली गेली. माणसं धावत जमली. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांतलं पहिलं नाव. गवताच्या भावासाठी कुणी बंदुका काढत नाही. संप मात्र मोडला नाही, आणि अखेर मालकांना भाव मान्य करावा लागला. पुढच्या वर्षी जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया मागितला गेला, तेव्हा चळवळ पालघर तालुक्यापर्यंत उतरली आणि परुळेकरांना जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आलं.

एक गोष्ट मला नेहमी खटकायची. झरीच्या ठरावांत जमीन परत द्या, हे का नाही? जमीन तर त्यांचीच होती. आता वाटतं, जो स्वतःच्या शरीराचा मालक नाही तो जमिनीचा मालक व्हायचं कुठून म्हणणार? आधी शरीर सोडवलं. जमिनीची पाळी नंतर आली. १९६०मध्ये राज्यं वेगळी झाली आणि उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत, तलासरी महाराष्ट्रात राहिली. चळवळीच्या मधून सीमा गेली, ते असो. १९६९मध्ये तारापूरची अणुवीज मुंबईकडे जाऊ लागली, आणि पुढच्याच वर्षी देशभर भूमिमुक्तीचं आंदोलन झालं. त्यातूनच काळूराम धोदडे यांनी पालघर तालुक्यात भूमी सेना उभी केली. गेलेल्या जमिनी आणि सावकाराचं कर्ज हे तिचे विषय. १९७४मध्ये आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला.

भूमी सेनेचं वेगळेपण मागण्यांपेक्षा मागणाऱ्यांत होतं. बाहेरून आलेल्या सुशिक्षितांनी मदत करावी, पण ठरवायचं आदिवासींनीच, असा तिचा आग्रह. अमेरिकेत १९६६ साली स्टोकली कारमायकल आणि त्यांचे सहकारी हेच म्हणत होते, आणि त्यांच्यावर उलट्या वंशवादाचा आरोपही झाला. परुळेकरांसारख्यांचं ऋण मोठं आहे. तरी भूमी सेनेचा आग्रह मला योग्य वाटतो. कुणाची मागणी कुणी मांडायची, हाही सत्तेचाच प्रश्न असतो. ओकलंडच्या यादीतलं सार्वमत तेच सांगत होतं. फरक एवढाच की तिथले लोक गुलाम करून दुसऱ्या खंडातून आणलेले, आणि वारली आपल्याच रानात परके ठरलेले.

२००६च्या वनहक्क कायद्याने रानात कसत असलेल्या जमिनीवर हक्क सांगता येतो, कमाल चार हेक्टर, ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. पुरावा काय द्यायचा? पूर्वी कागद मालकाकडे असायचा. या कायद्याच्या नियमांत, इतर पुराव्यांबरोबर, दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं म्हणणंही पुरावा म्हणून चालतं.